खरेदीखतावर नसलेलं नाव

माझ्या पहिल्या प्लॉटच्या खरेदीखतावर विकणाऱ्याचं नाव आहे, माझं आहे, साक्षीदारांची आहेत. ज्यांच्यामुळे तो व्यवहार झाला, त्या अर्जनवीस काकांचं नाव त्यावर कुठेच नाही. ते ऋण इथे नोंदवतो.

पंचविशीच्या आत होतो. खामगावच्या नोकरीतली शिल्लक सोन्यात घालावी, असं आईचं म्हणणं. माझ्या मनात जागा. पिंपळगाव राजाच्या शिवारात एक तुकडा स्वस्तात मिळत होता आणि विकणारा इसाराची घाई करत होता. काकांचं आयुष्य दस्त लिहिण्यात गेलेलं. म्हणाले, "बापू, आधी कागद पाह्य, मंग जागा."

ओट्यावर बसवून त्यांनी मला सातबारा वाचायला लावला. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं: भोगवटादार वर्ग 2. म्हणजे सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. शिवाय विदर्भाच्या 1958 च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम 89 आडवं येत होतं. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, आणि आमच्याकडे गुंठाभरही वावर नव्हतं. तो सौदा तिथेच सोडला.

पुढे अकृषक आदेश आणि मंजूर रेखांकन असलेला प्लॉट सापडला. जुने फेरफार, तीस वर्षांचा शोध, सगळं काकांनी तपासून घेतलं. मग भर मे महिन्यात मला तिथे नेलं. काळ्या मातीच्या भेगेत त्यांनी काठी घातली. ती हातभर आत गेली. "पावसायात हेच माती फुगते. पाया मुरमालोक न्या लागते. थो खर्च आजच भावात धर." त्याच हिशोबाने मी भाव बोललो आणि सौदा जमला.

दस्ताच्या दिवशी त्यांनी चतुःसीमा माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतल्या. फेरफार मंजूर होईपर्यंत तलाठ्याकडे चकरा मारायला लावल्या. लिहिणावळ त्यांनी इतरांइतकीच घेतली. शिकवणीचं मात्र काहीच घेतलं नाही.

आज गावातली पोरं पहिली बचत घेऊन विचारायला येतात. भाव किती वाढेल, ते मी सांगत नाही. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का, एवढं त्यांच्यासोबत बसून तपासतो. साध्या घरातल्या पोराची पहिली बचत याच प्रश्नावर तरते किंवा बुडते. माझी तरली, ती काकांमुळे.