नाना पेठेतला दोन दातांचा पाना

पुण्यात कोणती वस्तू कोणत्या आळीत मिळते हे ज्याला तोंडपाठ, तोच खरा पुणेकर, अशी माझी एक जुनी समजूत आहे. तांब्याची भांडी तांबट आळीत, खिळेमोळे नि कुलपे बोहरी आळीत, विजेचे सामान तपकीर गल्लीत. आणि ज्या वस्तूचे नावच आपल्याला ठाऊक नसेल, ती जुन्या बाजारात! ही शेवटची ओळ कुणा नगररचनाकाराने लिहिलेली नाही, पण ती खरी आहे. गेल्या उन्हाळ्यात एका लहानशा लोखंडी वस्तूच्या शोधात मला या पेठा पायी पालथ्या घालाव्या लागल्या आणि जन्मापासून ज्या गावात राहतो त्याचे थोडेसे दर्शन नव्याने घडले. काशी-रामेश्वर करून आलेल्या माणसाने प्रवासवर्णन लिहावे, तसेच हे सदाशिव पेठ ते नाना पेठ या प्रवासाचे वर्णन वाचकांनी गोड मानून घ्यावे.

निमित्त झाले सायकलीचे. आमच्या आप्पांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागल्यावर १९७१ साली पहिल्या पगारांतून एक काळी हर्क्युलिस घेतली. मद्रासजवळच्या अंबत्तूरला बनलेली ही सायकल त्यांनी २००६ मध्ये निवृत्त होईपर्यंत वापरली. पुढे ती जिन्याखाली गेली. आता माझी मुलगी अकरावीत गेली आणि तिने एके दिवशी जाहीर केले, की स्कूटर नको, आजोबांची सायकल हवी. आप्पा काही बोलले नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांनी दोन वेळा जिन्याखाली जाऊन सायकलीवरची धूळ पुसली, हे मी पाहिले.

सायकल बाहेर काढली तेव्हा मागच्या चाकाच्या चार तारा तुटलेल्या निघाल्या. मागच्या चाकाला चाळीस तारा असतात, चार म्हणजे फारसे काही नाही, असे कुणालाही वाटेल. पण चारही तारा तुटल्या होत्या त्या साखळीच्या बाजूच्या. त्या बाजूला हबवर फ्रीव्हील बसलेले असते आणि ते काढल्याशिवाय नवी तार हबच्या भोकातून आत ओवताच येत नाही. म्हणजे प्रश्न चार तारांचा नव्हता, फ्रीव्हीलचा होता. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने चाक हातात घेतले, फिरवले आणि म्हणाला, "सर, छिन्नी लावतो नि हातोडा घालतो. निघालं तर निघालं. नाही तर नवं चाक टाकू." घरातूनही सूचना आली, "अहो, भंगारवाला रविवारी येतोच आहे." आप्पा मात्र आरामखुर्चीतून एवढेच म्हणाले, "छिन्नी लावू देऊ नकोस. त्याचा पाना असतो."

त्याचा पाना असतो! हे वाक्य मला एखाद्या सुभाषितासारखे वाटले. मराठीच्या प्राध्यापकाला फ्रीव्हील म्हणजे 'मुक्तचक्र' एवढे भाषांतर सुचते आणि तो समाधान पावतो. पण वस्तू समजून घ्यायची तर शब्दाच्या पलीकडे जावे लागते. पॅडल थांबवले तरी सायकल पुढे चालत राहते आणि मागे गोड टिकटिक ऐकू येते, ती या मुक्तचक्राची करणी. त्याच्या पोटात बारीक छऱ्यांवर फिरणारे दाते असतात आणि त्या दात्यांना अडकणारे दोन लहान खटके असतात. कारागीर त्यांना 'कुत्री' म्हणतात. पुढे जाताना ती कुत्री दातांना धरून ठेवतात, पाय थांबला की नुसती टिकटिकतात. हे सारे यंत्र हबवर आट्यांनी बसवलेले असते, आणि आटे उजवे. त्यामुळे होते काय, की माणूस जितके पॅडल मारील तितके फ्रीव्हील हबवर अधिकाधिक आवळत जाते.

आप्पांनी सध्याचे फ्रीव्हील १९९४ साली बसवून घेतले होते. सदाशिव पेठ ते खडकी जाऊन येऊन पंधरा किलोमीटर, वर्षाचे कामाचे दिवस दोनशे ऐंशी धरा, आणि निवृत्तीपर्यंतची बारा वर्षे. मुलीने कागदावर गुणाकार केला : पन्नास हजार चारशे किलोमीटर. म्हणजे वाकडेवाडीच्या रस्त्याने सकाळच्या भोंग्याआधी पोहोचण्यासाठी आप्पांनी जेवढा जोर लावला, तो सगळा त्या आट्यांत साठून राहिला होता. तो जोर आता उलटा सोडवायचा होता. त्याला छिन्नी लावणे मलाही बरे वाटेना.

मुलगी माझ्यापेक्षा व्यवहारी. आसावरचा नट काढल्यावर तिने चिंधीने फ्रीव्हीलचे तोंड स्वच्छ पुसले. आत समोरासमोर दोन खाचा दिसल्या. तिने एका कागदाला मधोमध भोक पाडून तो आसावर चढवला आणि वरून पेन्सिल घासली. नाण्याचा छाप उमटावा तसा खाचांचा छाप उमटला. तो कागद खिशात घालून मी रविवारी सकाळी बाहेर पडलो.

जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. जमिनीवर गोणपाटे पसरलेली, त्यांवर गंजके नळ, घड्याळांची पोटे, पितळी समया, एकेका पायातले बूट. एका गोणपाटावर फ्रीव्हीलच्या पान्यांचा छोटासा ढीगच होता. मला वाटले होते की पाना म्हणजे पाना. इथे तर त्यांच्या जातीच जाती! एकाला समोरासमोर दोन दात, दुसऱ्याला चार, तिसऱ्याच्या कडेने बारीक बारीक दात्यांची झालरच. विक्रेता म्हणाला, "कोणताबी न्या साहेब, ठोकून बसवा." मी कागद काढून ताडून पाहिला. दोन दातांचे दोन पाने होते. एक खाचेपेक्षा अरुंद, दुसऱ्याचे दात झिजून गोल झालेले. अरुंद दात खाचेत डगडगतो आणि जोर लावला की खाचेची कड खाऊन टाकतो. एकदा कड गेली, की मग खरा पानाही धरत नाही. मी ढीग तसाच ठेवला आणि नाना फडणिसांच्या नावाच्या पेठेकडे वळलो.

नाना पेठेत शिरले की हवेलाच वंगणाचा वास येतो. दुचाक्यांच्या सुट्या भागांची दुकाने एकाला एक लागून, दारांवर टायरांच्या माळा. एका बोळात एका वृद्ध कारागिराचे दुकान आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी कागदावरचा छाप पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवून विचारले, "हे कुणी काढलं, मास्तर?" मुलीने, असे सांगताच म्हणाले, "तिला घेऊन या. चाकही आणा."

दुपारी आम्ही दोघे चाक घेऊन गेलो. चाचांच्या भिंतीवर पाने टांगलेले होते आणि त्यांनी जणू वर्गच घेतला. वर्ग कसा घ्यावा हे मला जे वीस वर्षांत जमले नाही, ते त्यांना उपजत जमत होते. म्हणाले, पहिला प्रश्न पान्याचा नाही, चाकाचा. हल्लीच्या गिअरच्या सायकलींत दोन प्रकार असतात. दातेरी चकत्या उलट्या फिरवून पाहायच्या. मधली, पाना बसायची जागा चकत्यांबरोबर फिरली तर ती कॅसेट. ती स्थिर राहिली तर ते फ्रीव्हील. कॅसेटचा पाना वेगळा आणि तिला चकत्या धरून ठेवायला साखळीचा तुकडा लावलेला दांडाही लागतो. फ्रीव्हीलला तो दांडा लागत नाही. दोन्ही पान्यांना बारा बारीक दाते असतात, दिसायला सख्खी भावंडे, पण मापात अर्ध्या मिलिमीटरचा फरक. "त्या अर्ध्या मिलिमीटरनंच लोक माझ्याकडे येतात," चाचा म्हणाले.

मग त्यांनी फ्रीव्हीलच्या तोंडावरची दोन बारीक भोके दाखवली. नवशिका हमखास त्यांतच टोचा घालतो, कारण ती समोरच दिसतात. पण ती भोके फ्रीव्हील हबवरून काढण्यासाठी नसून त्याचे झाकण उघडण्यासाठी असतात. आणि झाकणाचे आटे डावे! ते उघडले की पोटातले छरे दुकानभर पळतात आणि फ्रीव्हीलचे बूड हबवर तसेच घट्ट राहते. मुलगी हसली. मला मात्र आमच्या भाषेतले पुष्कळ वाद आठवले. दिसणाऱ्या भोकात टोचा घालून झाकणे उघडण्याची आम्हांलाही सवय आहे.

भिंतीवरून त्यांनी दोन दातांचा एक पाना काढून खाचेत बसवला. तो एखाद्या कुलपात किल्ली जावी तसा गेला. ना ठोकावे लागले, ना डगडग. त्यावर त्यांनी आसाचा नट पुन्हा चढवून आवळला. दोनच दातांचा पाना जोर पडताच खाचेतून उसळतो, म्हणून त्याला असे जखडावे लागते. मग पाना व्हाइसमध्ये पकडला, चाक आडवे झाले आणि चाचा मुलीला म्हणाले, "बेटा, स्टिअरिंग धर." तिने रिम दोन्ही बाजूंनी धरली. लांब दांड्याच्या पान्याने जे होत नाही ते सव्वीस-अठ्ठावीस इंची रिम करते; चाक हाच दांडा. म्हणूनच चाक मोडीत काढताना आधी तारा कापू नयेत, असे चाचा सांगतात. तारा गेल्या की रिम गेली, रिम गेली की जोर लावायला जागाच उरली नाही.

तिने घड्याळाच्या उलट दिशेने जोर लावला. काही झाले नाही. मी पुढे झालो. आम्ही दोघांनी मिळून जोर लावला. चाचांनी आट्यांत तेल सोडले आणि थोडे थांबायला सांगितले. तो चहाचा वेळ माझ्या लक्षात राहील. उरलेल्या तारा करकरत होत्या, हब जुना होता, आणि आटे खरवडून निघाले असते तर चाकाची कथा तिथेच संपली असती. चहानंतर पुन्हा तिघे भिडलो. 'कट्' असा एक कोरडा आवाज झाला आणि चाक हातभर फिरले. चाचांनी लगेच हात वर केला, "थांबा! आता नट सैल करा." फ्रीव्हील सुटल्यावर बाहेर सरकते, नट तसाच ठेवून फिरवत राहिले तर आस वाकतो किंवा तुटतो. नट सैल केला, आणि पुढचे काम हातानेच झाले. आतले आटे काळ्या वंगणाखाली नव्यासारखे चमकत होते.

चहा पिताना चाचा बोलत होते. १९७२ साली चेतक आली, लूना आली, तशी या बोळातली दुकाने एकेक करून बदलली. २०१७ मध्ये महापालिकेने सायकलींचा मोठा आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली आल्या आणि थोड्याच दिवसांत दिसेनाशा झाल्या. चाचांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे. "त्याचं बरं आहे," ते म्हणाले आणि पान्यावरचे तेल पुसत राहिले. मला मग त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटली. जपानातल्या साकाई गावी १९२१ साली शोझाबुरो शिमानो नावाच्या कारागिराने एक लहान कारखाना काढला. आज ज्या शिमानोचे गिअर जगभर विकले जातात, त्याची पहिली वस्तू होती एक साधे फ्रीव्हील. चाचांनी ते ऐकले, मुलीकडे पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे सुरुवात इथूनच होते."

नव्या तारा ओवून झाल्या, नवे फ्रीव्हील वंगण लावून हातानेच आट्यांवर चढवले. ते आवळावे लागत नाही. पॅडल मारणाराच ते आवळतो. संध्याकाळी ती सायकलवर बसून लक्ष्मी रस्त्याने निघाली आणि मी मागून रिक्षाने. आप्पांनी फाटकातच चाक उचलून धरले, पुढे फिरवले आणि कानाजवळ नेऊन टिकटिक ऐकली. "बरोबर आहे," एवढेच म्हणाले.

दोन दातांचा तसाच एक पाना मी चाचांकडून विकत घेतला. आमच्या सोसायटीत एवढ्यात तो तिघांनी उसना नेला. नेणाऱ्याला मुलीची एकच अट असते : आधी आपल्या चाकाच्या खाचांचा छाप कागदावर काढून आणावा. छाप जुळला तरच पाना मिळतो. नाही जुळला तर नाना पेठेचा पत्ता.