एक्सएलच्या पलीकडचं जग

माझं वजन ११२ किलो. उंची पाच फूट अकरा. कंबर ४४. पाय दहा नंबरचे, पण रुंदीला असे की लहानपणी आजी म्हणायची, "याला चपला नकोत, होड्या आणा." हे सगळं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला अंदाज बांधत बसायला नको.

तर झालं असं, की गेल्या वर्षी ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझा एचबीएवनसी ६.२ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बाबांना पंचेचाळिशीत मधुमेह आणि बावन्नाव्या वर्षी बायपास, त्यामुळे आमच्या घरात या आकड्यांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आईने रिपोर्ट वाचला आणि एक शब्द न बोलता साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. उंचीमुळे तो डबा तिच्यापेक्षा मलाच लवकर सापडतो ही गोष्ट वेगळी, पण भावना पोचल्या.

जिम तीन वेळा लावून झाली होती. तीनही वेळा वार्षिक फी, हजेरी सतरा दिवस. टीममधली चारपाच टाळकी दर शनिवारी पहाटे सायकलवरून मुळशीकडे जायची आणि सोमवारी त्याच्या गप्पा मारून आमचा जीव खायची. म्हटलं, चला. सायकल घेतली. मॅन्युअलमध्ये माणूस आणि सामान मिळून किती वजन चालेल तेही लिहिलेलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वस्तूचं मॅन्युअल मी अथपासून इतिपर्यंत वाचलं. मागच्या चाकाला ३२ स्पोक मोजून घेतले, टायर जाड घेतले. हार्डवेअर तयार.

पहिल्या शनिवारी सुती हाफपँट आणि टी-शर्ट घालून निघालो. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा घाट. जाताना घाटाचा उतार लागतो तेव्हा माणसाला आपण फार थोर सायकलपटू आहोत असं वाटतं. येताना तोच घाट चढायचा असतो हे तेव्हा आठवत नाही. पौडपर्यंत मी पोचलोसुद्धा. दमलो होतो, पण ते काही नाही. खरी भानगड मांड्यांची होती. माझ्यासारख्यांच्या मांड्या एकमेकींना आणि सीटला घासतात, मध्ये घामाने भिजलेलं सुती कापड आणि त्याची जाड शिवण. परतीचे पंचवीसेक किलोमीटर कसे काढले ते माझं मला माहीत. पुढचे तीन दिवस सकाळच्या स्टँडअप मीटिंगला आख्ख्या टीममध्ये खऱ्या अर्थाने स्टँडअप असलेला मी एकटाच होतो.

तेव्हा कळलं की ती चकचकीत घट्ट चड्डी लोक फॅशन म्हणून घालत नाहीत. लायक्रा अंगाला चिकटून राहतो, त्यामुळे घर्षण होतं ते कापडाचं सीटशी, कातडीचं कापडाशी नाही. आत पॅड असतं. पूर्वी ते शामॉय नावाच्या डोंगरी बकऱ्यासारख्या प्राण्याच्या मऊ चामड्याचं असायचं, आता फोमचं असतं, पण नाव तेच राहिलं. आणि हो, तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. ही माहिती मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ऑफिसच्या कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर मिळाली.

मग सुरू झाली खरेदी.

पहिल्या दुकानात एक्सएल होती. ती माझ्या गुडघ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. दुसऱ्या दुकानात डबल एक्सएल. ही वर आली, पण पॅड भलत्याच जागी. ट्रायलरूमच्या आरशात मी स्वतःकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. जर्सीची चेन अर्ध्या पोटावर येऊन अडली ती अडलीच. बाहेर आलो तर काउंटरवरचा मुलगा अगदी मनापासून, मदत करायच्या सुरात म्हणाला, "सर, थोडं वजन कमी करा ना, मग हीच साईज बसेल."

बघा हं. वजन कमी करायला सायकल चालवायची. सायकल चालवायला कपडे हवेत. कपडे हवेत तर वजन कमी करा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात डेडलॉकवर दहा मार्कांचा प्रश्न असायचा, त्याचं इतकं सुंदर उदाहरण आम्हाला कोणी दिलं नव्हतं. दोन प्रोसेस एकमेकींची वाट बघत बसल्या आहेत, आणि मध्ये मी.

मी त्याला काही बोललो नाही. "बघतो" म्हणालो आणि बाहेर पडलो. त्यानंतर दोन महिने सायकल बाल्कनीत उभी होती. कोणी विचारलं की "सध्या रिलीज आहे रे" म्हणायचो. खरं कारण रिलीज नव्हतं. खरं कारण ट्रायलरूममधला आरसा होता.

मधल्या काळात ऑनलाईन मागवून, परत करून, पुन्हा मागवून माझी या विषयात अर्धी पीएचडी झाली. एक म्हणजे सायकलचे बरेच कपडे शर्यतीच्या मापाने बेतलेले असतात, म्हणजे मुळातच अंगासरशी. युरोपातली एक्सएल आणि आपल्या रोजच्या शर्टाची एक्सएल यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. दुसरं म्हणजे कपडा बेतणारा एका मधल्या मापावर नमुना करतो आणि मग तो सगळीकडून ठरावीक प्रमाणात वाढवत नेतो. माणूस तसा वाढत नाही. माझं पोट वाढलं तेव्हा माझे हात लांब झाले नाहीत! म्हणून थ्री एक्सएल कंबरेला बसते, पण खांद्यावरून ओघळते. मांडीला बसते ती कंबरेला ढगळ. आमच्या भाषेत सांगायचं तर कोणीतरी कोडमध्ये एस, एम, एल, एक्सएल अशी यादी घट्ट लिहून ठेवली आहे, आणि आम्ही एज केस. टेस्टिंग कुणी केलेलं नाही. टीममधल्या एका जाड्या मैत्रिणीला तर एलच्या पुढे काहीच मिळेना. ती शेवटी पुरुषांची चड्डी घेऊन आली, ज्यातलं पॅड अर्थातच पुरुषांसाठी बेतलेलं. तिने त्यावर केलेली टिप्पणी इथे छापता येणार नाही.

बुटांची कथा आणखी वेगळी. सायकलच्या बुटाचा तळ कडक असतो, कारण पायाचा जोर वाकण्यात वाया न जाता पेडलवर उतरावा. कडक म्हणजे सैल पडण्याचं नाव नाही. रुंद पाय बसत नाही म्हणून मी दोन नंबर मोठे घेऊन बघितले. पण क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा तुकडा, अंगठ्यामागच्या गादीखाली किंवा किंचित मागे यायला हवा. लांब बुटात तो पुढे सरकतो, आणि मग पोटऱ्या आणि घोटे बोंबलतात. बाहेरच्या काही कंपन्या त्याच नंबरात रुंद बूटही काढतात, पण मी फिरलो त्या दुकानांत "वाईड?" असं विचारल्यावर मला पाणी विचारण्यात आलं.

कोंडी फोडली ती बाबांनी. एक दिवस बाल्कनीत ते सायकलची धूळ पुसत होते. बाबा वीस वर्षं सायकलने खडकीला कामाला जायचे, आणि तेव्हाही ते काही काडीपैलवान नव्हते. मी दुकानांचं पुराण सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "अरे, आमच्या वेळी साईज सायकलला असायची. बावीस इंची, चोवीस इंची. माणसाने आपली पँट घालायची, खाली क्लिप लावायची आणि निघायचं. तुमच्यात सायकल एकाच मापाची दिसते आणि माणसाला साईज." मग म्हणाले, "मास्तरांकडे जा की."

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले शिंपी. शाळांच्या गॅदरिंगचे आणि डान्स क्लासचे ड्रेस शिवतात, त्यामुळे लायक्रा त्यांना नवा नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा खालून वर पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सायकल कुठंय?" मला सायकल आणायला लावली, भिंतीला टेकवून वर बसवलं आणि वाकलेल्या अवस्थेत मापं घेतली. "उभ्या माणसाची पाठ वेगळी, वाकल्याची वेगळी, साहेब." इतक्या साईज चार्टांवर हे एक वाक्य मला कुठे दिसलं नव्हतं. कंबरेला इलॅस्टिक लावलं तर वाकल्यावर पोटात रुतेल, म्हणून खांद्यावरून पट्टे दिले. फसलेल्या डबल एक्सएलमधलं पॅड उसवून नव्या चड्डीत योग्य जागी बसवलं. त्यांच्याकडे चपटी शिवण घालायचं मशीन नव्हतं, ओव्हरलॉक होतं. मग त्यांनी चक्क शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवल्या. दिसायला चड्डी उलटी घातल्यासारखी दिसते, पण मांडीला एक धागा टोचत नाही.

बुटांसाठी मी शेवटी दोन स्क्रूच्या क्लीटचे, लेसवाले, माऊंटन बाईकचे बूट घेतले. त्यांचा वरचा भाग थोडा मऊ असतो. चौकातल्या चर्मकार काकांनी कागदावर माझा पाय ठेवून पेन्सिलीने आखला. "संध्याकाळी या," म्हणाले, "सकाळचं माप खोटं, दिवसभरात पाय फुगतो." मग लाकडी कलबूत घालून बूट दोन दिवस ताणून ठेवले. करंगळीला अजून किंचित लागतं, पण रक्त येत नाही.

गेल्या महिन्यात मी मुळशी धरणापर्यंत गेलो. साधारण चाळीस किलोमीटर. पौडच्या पुढे रहदारी कमी होते, उजवीडावीकडे भाताची खाचरं, आणि मग अचानक पाणी दिसतं. या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. मुळेचं पाणी पूर्वेकडे वाहायचं सोडून पश्चिमेला, घाटाखाली भिऱ्याला वीज करायला जातं. काठावर बसून ते पाणी बघत मी भजी खाल्ली. एकच प्लेट. बरं, दीड.

वजन सध्या १०९ आहे. तीन किलो. कुणाला दिसतसुद्धा नाही. एचबीएवनसी ५.९, अजून उंबरठ्यावरच, पण पाऊल आतून बाहेर पडतंय. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की एक्सएल अजूनही मला बसत नाही आणि तरी मी सायकल चालवतो. आधी बारीक होऊन मग सुरू करायचं, हे मी इतकी वर्षं जिमच्या, पोहण्याच्या, अगदी ट्रेकच्या बाबतीतही स्वतःला सांगत आलो होतो. त्या काउंटरवरच्या मुलाने फक्त ते मोठ्याने म्हटलं.

परवा पिरंगुटच्या घाटात परतताना मी उतरून सायकल ढकलत होतो. एक पोरगा बाईकवरून जाताना ओरडला, "काका, गाडी बंद पडली का?" काका! अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला!

असो. मैत्रिणीने मास्तरांचा नंबर मागितला आहे. मास्तर म्हणाले, "पाठवा त्यांना. सायकल घेऊन यायला सांगा."