पूर्णा ते कुर्ला : एका फेरीचा हिशेब

भिवंडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रमाग उभे राहतात. माग अजून आहेत. पण ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे असे गावामागून गाव पाहत गेले की वेगळीच भिवंडी दिसते. भातखाचरांच्या जागी गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. मुंबईत जागेचे भाडे परवडत नाही, आणि पूर्वी महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे. म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेरच्या या गावांत माल उतरवायला सुरुवात केली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र राहिली आणि वाढली. आपल्या घरातला साबण, पंखा, बिस्किटाचा पुडा, मुलांच्या वह्या यांतले बरेच काही या गावांत मुक्काम करूनच आपल्यापर्यंत येते.

ते आणतो कोण? आपल्या वस्तीत दर गल्लीत एखादा तरी घरधनी पहाटे गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडतो. गाडी शेठची, किल्ली आपल्या माणसाच्या हाती. अशाच एका चालकबंधूंच्या शेजारी बसून आम्ही पूर्णा ते कुर्ला हा तीसेक किलोमीटरचा प्रवास केला. त्यांचे नाव देत नाही, गोदामाचेही देत नाही. त्यांना उद्या पुन्हा त्याच गेटवर उभे राहायचे आहे.

सकाळी सातला आयशर गाडी गेटवर लागली. रखवालदाराने वहीत गाडीचा नंबर लिहिला, येण्याची वेळ लिहिली, चालकाची सही घेतली. त्या क्षणापासून आमच्या बंधूंचे नाव संपले. नंबरचे शेवटचे चार आकडे हेच त्यांचे नाव झाले. आतून आवाज येई, "ए, सतरा-बारा! गाडी मागे घे!" पन्नाशीकडे झुकलेला, दोन लेकरांचा बाप, वस्तीच्या विहाराचा माजी खजिनदार असा हा माणूस; समोरचा पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा. आम्हाला राग आला. ते म्हणाले, "दादा, राग आला की गाडी आणखी दोन तास मागे जाते."

आठ वाजले, नऊ वाजले. पुढे सहा गाड्या होत्या. एका गाडीचा माल मोजताना दोन खोकी कमी भरली, म्हणून सारे थांबले. मग हमालांची चहाची सुट्टी झाली. मग बिल तयार होते, पण ई-वे बिलावर गाडीचा नंबर चढवणारे साहेब यायचे होते; तो नंबर चढल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. दरम्यान लघवीला जायचे तर आतले शौचालय कामगारांसाठी, "ड्रायव्हर लोकांनी बाहेर जावे". बाहेर म्हणजे गटाराच्या कडेला. पिण्याचे पाणी घरच्या बाटलीतले, तेही दहाला संपले. आता 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालगाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. चांगलेच झाले. पण आमची गाडी जुनी, आणि लहान टेम्पो या नियमात येतच नाहीत.

साडेअकराला गाडी भरून बाहेर पडली. साडेचार तास! इतका वेळ चालकाने काय केले, असे विचाराल तर उत्तर 'काही नाही'. पण त्याला घरी जाता येत नव्हते, झोपता येत नव्हते, हाक आली की धावायचे होते. भाडे फेरीचे ठरलेले. गेटवर सकाळ गेली तरी तेवढेच.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1946 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे 54 तास 48 वर आले, ते विधेयक त्यांनीच मांडले होते. मोटार वाहतूक कामगारांसाठी वेगळा कायदा 1961 साली झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास, पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती असे त्यात होते. पाच कामगारांच्या आतल्या धंद्याला मात्र तो लागू नव्हता, म्हणजे एकदोन गाड्यांचा मालक बाहेरच. आणि कामाच्या तासांच्या व्याख्येत काय धरले होते? गाडी चालती असतानाचा वेळ, तिच्याशी निगडित किरकोळ कामांचा वेळ, आणि नुसते हजर राहण्याचा पंधरा मिनिटांच्या आतला वेळ. पंधरा मिनिटे! साडेचार तासांचे काय, हे त्या ओळीत शोधून सापडत नाही. पुढे 2020 साली संसदेने केलेल्या श्रमसंहितेत हा कायदा सामावला गेला.

काल्हेरहून निघालो तर रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब. कशेळीच्या पुलावर खाडीचा वारा लागला तेवढेच सुख. कापूरबावडी, माजिवडा करीत पूर्व द्रुतगती महामार्गाला लागलो. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींना टोल माफ झाला, मोठ्या मालगाड्यांना नाही.

घाटकोपरला माता रमाबाई आंबेडकर नगर आले. 11 जुलै 1997 रोजी येथे पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या आपल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि 10 जण शहीद झाले. आमचे बंधू आठवड्यातून चार-पाच वेळा येथून जातात. खाली उतरून दोन मिनिटे उभे राहावे असे दर वेळी वाटते, पण गाडी थांबवली की दंडाची पावती. त्यांनी चालत्या गाडीतच मान लववली. आम्ही हात जोडले.

कुर्ल्याच्या बोळात दुकानदार जेवायला गेलेले. मागच्या गाडीचा भोंगा, पुढे हातगाडी. हमाल आले, वाराई मागू लागले. "ज्याचा माल त्याचा हमाल" अशी घोषणा वाहतूकदार वर्षानुवर्षे देत आले आहेत, तरी कित्येक ठिकाणी हे पैसे चालकाच्याच खिशातून जातात. यात हमालबांधवांना दोष देणे आम्हाला पटत नाही. पाठीवर ओझे वाहणाऱ्यांनी लढून 1969 चा माथाडी कायदा मिळवला, त्यातून त्यांची मंडळे उभी राहिली. हमाल निदान मोजला जातो. शेजारी उभा चालक कोणाच्या वहीत आहे?

तीन खोकी ओली निघाली. पोच देताना दुकानदाराने तसा शेरा मारला. म्हणजे ते पैसे पगारातून जाणार. पाच वाजून गेले. संध्याकाळी मोठ्या गाड्यांना बंदीची वेळ, रिकामी असली तरी बंदी. रात्री नऊपर्यंत रस्त्याकडेला गाडी लावून बसायचे, आणि तिथे लावली म्हणून यंत्राने फोटो काढायचा. ई-चलानचा निरोप मालकाच्या फोनवर जातो, पैसे चालकाचे कापले जातात. वस्तीत पोचायला साडेदहा झाले. साडेपंधरा तासांत प्रत्यक्ष सुकाणू हाती होते ते फार तर चार तास.

भगवान बुद्धांना ज्ञानप्राप्तीनंतर पहिले अन्नदान करणारे तपुस्स आणि भल्लिक हे व्यापारी गाड्यांचा तांडा घेऊन चालले होते. अट्ठकथेत त्या गाड्या पाचशे सांगितल्या आहेत. व्यापाऱ्यांची नावे राहिली. पाचशे गाड्या हाकणाऱ्यांची कोणी लिहून ठेवली नाहीत.

आमच्या बंधूंनी गोदामाच्या वहीतल्या आपल्या दोन वेळांचा फोटो मागितला होता, तेव्हा कारकुनाने वही मिटली. म्हणून त्यांनी स्वतःची शंभर पानी वही केली आहे. एका रकान्यात गेटवर आल्याची वेळ, दुसऱ्यात सुटल्याची, शेजारी गोदामाचे नाव. रविवारी विहारातील वंदना आटोपली की नववीतली मुलगी बेरीज करते. तिच्या आईने पहिल्यांदा ती बेरीज पाहिली तेव्हा म्हणाली, "म्हणजे तुम्ही दमून येता ते बसून बसून!" हसता हसता तिने डब्यात एक भाकरी आणि दुसरी पाण्याची बाटली वाढवली.

गाडीच्या मालकाने वही चाळली, तेव्हा काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात गोदामाकडे हॉल्टिंगचे बिल लावताना मात्र त्याने ती मागून घेतली. बिल मंजूर झाले. त्यातले चालकाला किती द्यायचे, यावर अजून बोलणे चालू आहे.