काय बघायचं नाही

बुद्धिबळाचं इंजिन लिहिणाऱ्याला हमखास विचारतात, ते माणसासारखा विचार करतं का? करत नाही. आणि माझं ठाम मत आहे की, उत्तम खेळायला त्याची गरजही नाही.

गरज आहे असं मानणारी माणसं मोठी होती. मिखाईल बोत्विनिक जगज्जेता, शिवाय विद्युत अभियंता. मास्टर पटाकडे कसा बघतो ते यंत्राला शिकवायचं म्हणून त्याने ‘पायोनियर’वर वर्षानुवर्षं मेहनत केली, पण तो प्रोग्राम स्पर्धेत उतरण्याजोगा झालाच नाही. 1997 मध्ये जगज्जेत्या कास्पारोवला साडेतीन-अडीच असं हरवलं ते डीप ब्लू या संगणकाने, सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासून.

नुसती आकडेमोड, बुद्धी कुठे आहे, असं लोक म्हणाले. मला हे पटत नाही. कोड लिहिताना खरी कसोटी लागते ती काय बघायचं नाही हे ठरवताना. मधल्या डावात दर वळणावर तीस-पस्तीस चाली शक्य असतात. अल्फा-बीटा ही छाटणीची पद्धत सांगते, एखाद्या चालीला एक सणसणीत उत्तर सापडलं की तिची बाकीची उत्तरं बघूच नका. नल मूव्ह तर मला विलक्षण सुंदर वाटते. इंजिन आपली चाल सोडूनच देतं. समोरच्याला सलग दोन चाली मिळूनही आपली बाजू भक्कम राहिली, तर ती फांदी तिथेच छाटायची. फक्त प्याद्यांच्या अंत्यडावात ही युक्ती बंद ठेवावी लागते, कारण तिथे कधीकधी चाल करावी लागणं हेच संकट असतं. यालाच म्हणतात झुगझ्वांग! हे बुद्धिबळाचंच ज्ञान आहे, पण कुठलाही खेळाडू पटावर बसून असा विचार करत नाही.

2017 मध्ये अल्फाझीरो हा प्रोग्राम स्वतःशीच खेळून शिकला. 2020 मध्ये स्टॉकफिश या इंजिनाने जपानी शोगीच्या इंजिनांकडून छोटं न्यूरल नेटवर्क उचललं आणि पुढे माणसांनी हाताने लिहिलेलं मूल्यमापन काढूनच टाकलं. ताकद वाढतच गेली.

माणसासारखं यंत्र मला हवं आहे ते शिकवण्यासाठी. ‘माइया’ हे इंजिन लिचेस या संकेतस्थळावरच्या सामान्य खेळाडूंच्या डावांवर घडवलेलं आहे. सर्वोत्तम चाल शोधणं हे त्याचं कामच नाही. अमुक रेटिंगचा खेळाडू इथे काय खेळेल, हे ते ओळखतं. नवशिक्या मुलीला स्टॉकफिश सांगतो, तुझा घोडा चुकीच्या घरात गेला. तो तिथे न्यावासा का वाटला, हे तिच्याशी बोलायचं तर आधी तिची चाल ओळखता यायला हवी.