खून स्टार्टरनंतर

खून स्टार्टरनंतरच करावा. त्याआधी केला तर कोण मेलं याचं कुणालाच सोयरसुतक नसतं. सगळ्यांचे डोळे वेटरच्या हातातल्या ट्रेकडे लागलेले असतात. मुख्य जेवण उरकल्यावर केला तर निम्मी मंडळी सुस्तावलेली आणि उरलेली बेसमेंटमधून गाडी बाहेर काढायच्या घाईत. म्हणून सूप संपलेलं, कबाबची दुसरी फेरी फिरून गेलेली, पाण्याचे ग्लास पुन्हा भरलेले, अशा नेमक्या वेळी दिवे जातात. किंकाळी येते. दिवे परत येतात तेव्हा सोसायटीचे माजी खजिनदार चार नंबरच्या टेबलापाशी पालथे पडलेले असतात.

जेवता जेवता खुनाचा शोध लावायचा हा खेळ, म्हणजे मर्डर मिस्ट्री डिनर, मी नवी मुंबईत लिहिते आणि बसवते. वाशीतल्या हॉटेलांचे बँक्वेट हॉल, सीवूड्स-खारघरच्या संकुलांची क्लब हाउस, महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्यांची स्नेहसंमेलनं, ही आमची रंगमंदिरं. वाशीत विष्णुदास भाव्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, पण रांगेतल्या खुर्च्यांवर बसून आमचा खेळ होत नाही. आम्हाला गोल टेबलं लागतात आणि त्यांच्यामधून फिरायला वाट लागते. सहा-सात नट पाहुण्यांमध्येच मिसळून बसलेले असतात. खून झाला की प्रत्येक टेबल हा एक तपास-गट. प्रत्येक गटाला संशयितांना विचारायला तीनच प्रश्न. गोड वाढेपर्यंत चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून द्यायच्या: खुनी कोण, कशासाठी मारलं, आणि हे कशावरून म्हणता. तिसऱ्या रकान्याला सगळ्यात जास्त गुण. नाव काय, अंदाजानंही बरोबर येतं.

खेळाचं मूळ इंग्रजांच्या घरगुती पार्ट्यांमध्ये आहे. बर्मिंगहॅमचा अँथनी प्रॅट हा वादक; हॉटेलांमध्ये पियानो वाजवताना तिथल्या पाहुण्यांचे असले लुटुपुटीचे खून तो पाहत असे. त्यातूनच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यानं ‘क्लूडो’ हा पटावरचा खेळ रचला. तो 1949 साली बाजारात आला. अ‍ॅगाथा ख्रिस्तीनं पुढच्याच वर्षी ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मध्ये हा रिवाज उलटा फिरवला: गावच्या वर्तमानपत्रात खुनाची जाहिरात येते, शेजारीपाजारी खेळ समजून जमतात आणि गोळी खरीच सुटते. रंगभूमीवर प्रेक्षकाला कामाला लावणं त्याहून जुनं. आयन रँडच्या ‘नाइट ऑफ जानेवारी सिक्स्टीन्थ’मध्ये 1935 साली ब्रॉडवेवर प्रेक्षकांतूनच ज्यूरी निवडली जायची आणि तिच्या निकालाप्रमाणे शेवट बदलायचा. पाउल प्योर्टनर या जर्मन लेखकाच्या 1963 च्या नाटकावरून अमेरिकेत ‘शिअर मॅडनेस’ आलं. केस कापण्याच्या सलूनमध्ये बसलेले संशयित आणि त्यांना प्रश्न विचारणारे प्रेक्षक, एवढ्या भांडवलावर ते 1980 पासून बोस्टनमध्ये चाळीस वर्षं चाललं.

आपल्याकडे हे आलं ते तयार संहितांच्या रूपानं. त्यांत एक लॉर्ड असतो, त्याचा वाडा असतो, बटलर असतो, मृत्युपत्र असतं. नेरूळच्या माणसाला बटलरनं कुठल्या काट्यानं मासा खायला दिला यावरून खुनी ओळखायला सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला ते काटे माहीत नाहीत, आणि माहीत असायचं काही कारणही नाही. मग तो तपास सोडून देतो आणि बिर्याणीकडे वळतो. आयता आणलेला खेळ पडतो तो इथेच. माझं म्हणणं एवढंच आहे की पुरावा प्रेक्षकाच्या रोजच्या माहितीत दडवला पाहिजे. जे त्याला ठाऊक आहे, पण ठाऊक आहे हे ज्याच्या ध्यानात नाही, तिथे.

उदाहरणं द्यायला हरकत नाही. हे खेळ आता बंद झालेत. एक संशयित सांगतो, ‘रविवारी दुपारी बारा-सव्वाबाराला मी वाशीहून सीएसएमटीची लोकल पकडली, सरळ गेलो.’ सांगतो अगदी सहज, लोणचं मागता मागता. ख्रिस्तीच्या काळातला इंग्रज वाचक रेल्वेचं वेळापत्रक उघडून बसला असता. आमच्याकडे दोन टेबलं पलीकडे कुणीतरी दचकून मान वर करतं. रविवार, दुपार, हार्बर लाइन: मेगाब्लॉक! दुरुस्तीसाठी गाड्याच बंद. दुसरा एक जण म्हणतो, मी शिवडीहून अटल सेतूवरून मोटारसायकलनं वीस मिनिटांत आलो. पूल 12 जानेवारी 2024 ला सुरू झाला, 21.8 किलोमीटर लांबीचा, आणि त्यावर दुचाकीला पहिल्या दिवसापासून बंदी आहे. हे ज्याच्या घरी बाइक आहे त्याला पाठ असतं. ज्याच्याकडे फक्त मोटार आहे तो मात्र फसतो, आणि त्याचा मुलगा त्याला सर्वांसमक्ष सुधारतो. असा क्षण मला कुठल्याही टाळीपेक्षा प्यारा.

माझा सर्वांत लाडका पुरावा कायद्याचा. मृताच्या फाइलमध्ये मार्च 2024 ची तारीख घातलेली एका तक्रार अर्जाची प्रत सापडते. जुन्या खुनाची तक्रार आहे आणि कलम लिहिलंय भारतीय न्याय संहितेचं 103. आता, तीनशे दोन म्हणजे खून हे आपल्याला हिंदी सिनेमानं शिकवलं. नवी संहिता लागू झाली 1 जुलै 2024 ला. तेव्हापासून खुनाच्या शिक्षेचं कलम 103. मग मार्चच्या अर्जात ते आलं कुठून? कागद मागची तारीख घालून नंतर बनवलेला. खेळाला एखादे निवृत्त पोलीस किंवा वकीलबाई आल्या असल्या की हे पहिल्या पाच मिनिटांत सुटतं, म्हणून तो कागद मी त्यांच्या टेबलावर सगळ्यात शेवटी पोचवायची व्यवस्था करते. लबाडी आहे, पण धंद्यातली.

खाडीकाठचे फ्लेमिंगोही एकदा वापरले. ‘गेल्या ऑगस्टात सकाळी नेरूळला चाणक्य अकादमीमागे हजारो फ्लेमिंगो पाहत होतो’ असं संशयित सांगतो. हे पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे इकडे असतात, पावसाळ्यात थवे दिसत नाहीत. पण काही थोडे मागे राहतातही, आणि पक्षीनिरीक्षकांशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. म्हणून असा पुरावा एकटा सोडायचा नसतो. प्रत्येक गोष्ट तीन वाटांनी पोचवावी लागते: एकदा कानावर, एकदा डोळ्यांसमोर, एकदा हातात. लोक जेवत असतात, बोलत असतात, मुलाला वरणभात भरवत असतात. कादंबरीकार वाचकापासून लपवतो. आम्हाला लपवायची चैन परवडत नाही. आमचं अर्धं कौशल्य ऐकू जाण्यात आहे.

खुनाचं कारणही इथलंच हवं. नवी मुंबईत मृत्युपत्रासाठी कोण मारणार? इथे सिडकोनं बांधलेल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास आहे, वाढीव एफएसआय आहे, बाजार समितीतली उधारी आहे, भूमिपुत्रांना संपादित जमिनींच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचे कागद आहेत. हा शेवटचा विषय मी जपून वापरते. 1984 च्या जानेवारीत त्या जमिनींसाठी जासई आणि नवघर परिसरात माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली आहेत. ज्यांच्या घरात ती आठवण आहे ते समोरच्या टेबलावर जेवत असू शकतात. गमतीला कुठे थांबायचं हे लिहिणाऱ्यानं आधी ठरवावं, नटावर सोडू नये.

आता प्रेक्षकांबद्दल, कारण खरं नाटक तेच करतात. पहिली दहा मिनिटं सगळे लाजतात. नवरे बायकांना पुढे करतात, बायका मुलांना. मग कुणी काकू उठतात आणि थेट विचारतात, ‘तिजोरीची दुसरी किल्ली कुणाकडे असते हो?’ आणि खेळ सुरू होतो. पैसा, किल्ल्या, कोण किती वाजता घरी होतं, या बाबतीत घर चालवणाऱ्या बायकांना तोड नाही. पुरुष मंडळी हत्याराच्या मागे लागतात, आणि हत्यार बहुधा बिनमहत्त्वाचं असतं.

पहिला संशय कुणावर जातो हेही सांगून टाकते: वॉचमनवर. त्याच्या खालोखाल स्वयंपाकाच्या बाईंवर. कथेत त्यांच्याविरुद्ध काडीचा पुरावा नसला तरी. सोसायटीच्या गेटवर रोज सह्या घेण्याची आणि पिशव्या तपासण्याची जी सवय आहे, ती जेवणाच्या टेबलापर्यंत येते. या दोघांपैकी कुणालाही मी कधीच खुनी करत नाही. आता नेहमी येणाऱ्यांना हे ठाऊक झालंय आणि ते वॉचमनला यादीतून आधीच वगळतात. माझ्या कोड्याचं नुकसान होतं, पण ते मला चालतं.

याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे. संशयितांमध्ये एकटी राहणारी, घटस्फोटित बाई असली की तिसऱ्या प्रश्नापर्यंत खून बाजूला पडतो. रात्री उशिरा कोण यायचं, नवऱ्यानं का सोडलं, पगारात एवढा फ्लॅट कसा, असे प्रश्न सुरू होतात. विचारणारी माणसं सज्जन असतात, हसत असतात, सगळं खेळातच चाललेलं असतं. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आलं 1967 मध्ये. त्यातही हौशी मंडळी वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात आणि बेणारेबाईंचं खरं आयुष्य फाडून ठेवतात. त्याआधी, 1956 मध्ये, फ्रीडरिश ड्युरेनमाट या स्विस लेखकाची ‘डी पाने’ ही कथा आली होती. तिच्यात तर अक्षरशः जेवणाचंच टेबल आहे. निवृत्त न्यायाधीश आणि त्याचे वकील मित्र एका फिरत्या विक्रेत्याला पाहुणा करून घेतात, पदार्थांवर पदार्थ येत राहतात, गंमत म्हणून त्याच्यावर खटला चालतो. आणि आरोपी त्यात इतका रंगतो की सकाळी त्यानं गळफास घेतलेला सापडतो. माझ्या धंद्यात येणाऱ्यानं या दोन्ही गोष्टी आधी वाचाव्यात आणि मगच आचाऱ्याशी बोलावं.

उपाय म्हणून आम्ही नियम केला की खुनाशी संबंध नसलेला प्रश्न वाया गेला असं धरलं जाईल. सूत्रधार हसून म्हणतो, ‘टेबल सहा, एक प्रश्न संपला.’ गटातली बाकीची माणसंच मग विचारणाऱ्याला आवरतात. उपदेश केला असता तर कुणी ऐकलं नसतं.

नट कसा लागतो? पाठांतर चोख असलेला नट इथे पहिल्या उलट प्रश्नाला गारठतो. आमच्यातला सर्वात भरवशाचा माणूस मूळचा कुडाळकडचा, दशावतारात काम केलेला. दशावतारी नाटकाला छापील संहिता नसते. आख्यान ठरलेलं, संवाद उभ्या उभ्या बोलायचे. रात्रभर जत्रेत उभं राहून ज्यानं राजाचा संवाद रचलाय, त्याला आठ नंबरच्या टेबलावरचा इंजिनिअर काय अडवणार? ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडके रोजच्या बातम्या घेऊन जे करत त्याच जातीचं हे काम आहे. आता गंमत अशी की तिकीट लावून नाटक करायचं तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. काकूंचा किल्लीचा प्रश्न त्या संहितेत कुठून असणार!

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात. पाहुणे जे खातायत त्यात विष घालू नये; म्हणजे कथेतसुद्धा. दाल मखनीतून विषप्रयोग झाला असं जाहीर केलं की दाल मखनी तशीच उरते आणि केटरर बिल वाढवतो. विष मृताच्या स्वतःच्या औषधाच्या डबीत असावं. आणि टेबलावर वाढण्यापेक्षा बुफे उत्तम. साहेबी पद्धतीत पाहुणे जागचे हलत नाहीत, आमच्याकडे संशयित ताट घेऊन रांगेत उभा राहतो आणि मागचा-पुढचा त्याची उलटतपासणी घेतो. जैन काउंटरवर जी माहिती फुटते ती दुसरीकडे कुठेच फुटत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. हे बहुतेक प्रयोग इंग्रजीत होतात, कंपन्यांसाठी हिंदीत, आणि मराठीत क्वचित. आयोजकांना वाटतं मराठी माणूस जेवणासकट एवढं तिकीट काढणार नाही. ज्या भाषेत बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार आणि काळा पहाड घरोघरी पोचले, सुहास शिरवळकरांची पुस्तकं वाचनालयात नंबर लावून वाचली गेली, तिथे रहस्याला गिऱ्हाईक नाही हे मला पटत नाही. गेल्या खेपेला एका सोसायटीच्या कोजागरीला आम्ही मसाला दूध आणि भेळ एवढ्यावर मराठीत प्रयोग केला. हॉटेल नाही, बँक्वेट नाही, गच्चीवर सतरंज्या. चिठ्ठ्यांवरचा तिसरा रकाना मी आजवर पाहिलेल्यांत सर्वात भरगच्च होता. आपल्या भाषेत माणूस ‘कशावरून’चं उत्तर नीट देतो.

तेव्हा पुढच्या कोजागरीला किंवा गणपतीत अंताक्षरीऐवजी हे करून पाहा. तुमच्याच स्टेशनचा, तुमच्याच बाजाराचा, तुमच्याच लिफ्टच्या बिघाडाचा पुरावा वापरा. ख्रिस्तीचं ‘माउसट्रॅप’ हे नाटक 1952 पासून लंडनमध्ये सुरू आहे आणि शेवटी प्रेक्षकांना खुन्याचं नाव बाहेर न सांगण्याची विनंती केली जाते. तीही करा, म्हणजे शेजारच्या सोसायटीत तोच खेळ लावता येईल. आणि कथानक सुचत नसेल तर तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठा. कोणाचं कोणाशी का पटत नाही याची यादी त्यांच्याकडे तयार असते.