संमतीची सही

आयुष्याची उमेदीची वर्षे दादरच्या एका कन्याशाळेत अध्यापनात आणि अखेरची काही मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत घालविल्यामुळे सही या गोष्टीविषयी माझ्या मनात एक सावधगिरी कायमची मुरलेली आहे. सहलीचा अर्ज असो, धनुर्वाताच्या लशीचा तक्ता असो की शाळा सोडल्याचा दाखला असो, पालकांच्या रकान्यात पालकांचीच सही हवी, वर्गशिक्षिकेने घाईगर्दीत ओढलेली चालणार नाही, हा माझा हेका शिक्षकखोलीत चेष्टेचा विषय झाला होता. परंतु त्या हेक्यापासून मी कधी ढळले नाही. त्यामुळे २०२३ च्या मे महिन्यात, नातीला बारावे वर्ष पुरे होऊन गेल्यावर, सूनबाईने गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणाऱ्या एचपीव्ही लशीचे संमतिपत्र माझ्यासमोर ठेवून, “आई, तुम्ही एकदा वाचून बघा, मगच मी सही करते,” असे म्हटले, तेव्हा तो कागद मी नुसता वाचला नाही. त्याची, आमच्या जुन्या दप्तरी भाषेत सांगायचे तर, रीतसर चौकशी आरंभली.

या रोगाची आणि माझी ओळख जुनी होती. लालबागला माझी आत्या राहत असे. यजमान गिरणीच्या साचेखात्यात, घरात पाच मुले, आणि चाळीतल्या कोणाच्याही बाळंतपणात रात्री-अपरात्री धावून जाणारी ती बाई. पाळी बंद होऊन वर्षे लोटल्यावर तिच्या अंगावर पुन्हा जाऊ लागले, तेव्हा तिने ते कोणाला सांगितले नाही. अंगात उष्णता झाली असेल, असे स्वतःशीच ठरवून ती धन्याजिऱ्याचे पाणी पीत राहिली आणि सगळी चाळ निजल्यावर मोरीत आपले कपडे धूत राहिली. कंबर धरून उभी राहू लागली तेव्हा कोठे माझ्या वडिलांनी तिला परळच्या टाटा रुग्णालयात नेले. लालबागपासून हे रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर, १९४१ पासून उभे. आणि तेथवर पोहोचायला आत्याला दीड वर्ष लागले. मी तेव्हा कॉलेजात होते. विजेचा शेक घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसे आणि मला म्हणे, “अगं, बाईच्या जातीला असलं काही डॉक्टरपुढे कसं बोलायचं?” पुढचा गणपती तिने पाहिला नाही.

इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत कर्करोगाच्या नोंदींचे दप्तर उघडले होते. देशातले त्या प्रकारचे ते पहिले. त्या काळात मुंबईच्या स्त्रियांमध्ये हाच कर्करोग अग्रस्थानी होता, आणि आत्याचीही नोंद त्या रकान्यांतून कोठेतरी एका आकड्याच्या रूपाने असणार. तो कशाने होतो हे मात्र त्या वेळी कोणालाच निश्चितपणे ठाऊक नव्हते. पुढे ऐंशीच्या दशकात हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने गर्भाशयमुखाच्या गाठींतून एचपीव्ही या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार वेगळे काढून दाखविले, आणि २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जगातल्या अशा दहांपैकी सुमारे सात रुग्णांचे दुखणे या दोन प्रकारांमुळे उद्भवते. संसर्गापासून कर्करोगापर्यंतची वाट बहुधा पंधरा-वीस वर्षांची असते. म्हणजे आत्याला पहिला डाग दिसला त्याच्या कितीतरी आधीच, ती लेकरांच्या मुंजी-बारशांत गुंतलेली असताना, तिच्या शरीरात हे काम सुरू झालेले असणार.

घरात हा विषय निघाल्याचे मजल्यावर कळायला वेळ लागला नाही. आमच्या गिरगावच्या चाळीचे आता वरून रंगरूप पालटले असले तरी भिंती पूर्वीइतक्याच पातळ आहेत. शेजारच्या वहिनींनी मोबाइलवर आलेला एक संदेश मला वाचून दाखविला, की ही लस घेतलेल्या मुलींना पुढे मूल होत नाही, आणि मग आवाज खाली आणून, “बाई, एवढ्याशा पोरीला हे असलं कशाला?” असे विचारले. संदेशापेक्षा हा दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटला, कारण आत्याचे मौन आणि वहिनींची खालावलेली पट्टी ही दोन्ही एकाच घरची. हा संसर्ग शरीरसंबंधातून होतो हे खरे. परंतु तो इतका सार्वत्रिक आहे, की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात केव्हातरी होऊन, बहुधा वर्षा-दोन वर्षांत, त्यांच्या नकळत निघूनही जातो. थोड्या स्त्रियांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, आणि भय त्यांनाच. चारित्र्याशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. लस विषाणू येण्यापूर्वी द्यावयाची असते, आलेल्याला ती हुसकावू शकत नाही; म्हणूनच ती नऊ ते चौदा या वयात, ‘एवढ्याशा’ असतानाच, द्यायची. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत.

सुरक्षिततेचा तपशील मी दादरच्या आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारला. त्यांनी सांगितले, की या लशीत विषाणू जिवंतही नसतो आणि मेलेलाही नसतो. दाणे काढून घेतलेल्या शेंगेच्या टरफलासारखे त्याचे नुसते बाह्य कवच प्रयोगशाळेत तयार केलेले असते, आत आनुवंशिक द्रव्य नसल्यामुळे त्यापासून संसर्ग होणे शक्य नाही, आणि शरीर मात्र ते कवच पाहून विषाणूला ओळखायला शिकते. ही लस २००६ पासून जगात वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षा समितीने २०१७ साली, २७ कोटींहून अधिक मात्रा वाटून झाल्यावर, आढावा घेतला, त्यात वंध्यत्वाशी तिचा संबंध आढळला नाही. तीव्र ॲलर्जीचे प्रमाण कोटी मात्रांमागे सुमारे सतरा, तेही तत्काळ उपचाराने आटोक्यात येणारे. दंड दुखणे, किंचित ताप, आणि किशोरवयीन मुलींना सुईच्या धास्तीने येणारी भोवळ, हा नित्याचा त्रास. उलट बाजूला इंग्लंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींमध्ये या कर्करोगाचे प्रमाण ८७ टक्क्यांनी घटले. आणि आमच्या या चौकशीच्या पुढच्याच वर्षी स्कॉटलंडहून वृत्त आले, की त्या वयात लस घेतलेल्या तेथील तरुणींमध्ये या कर्करोगाचा एकही रुग्ण नोंदला गेलेला नाही.

तरीही माझ्या मनातील एक जुनी गाठ सुटली नव्हती, आणि ती सहीचीच होती. माझ्या निवृत्तीच्या वर्षी, २०१० साली, तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील बडोदे या जिल्ह्यांत सुमारे २३ हजार मुलींना ही लस देण्याचा एक उपक्रम सरकारने थांबविला होता. सात मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला. चौकशीत ते मृत्यू बुडणे, सर्पदंश, कीटकनाशक, हिवताप अशा कारणांनी झालेले आढळून लशीवरचा आळ दूर झाला. परंतु त्याच चौकशीत हेही निघाले, की कित्येक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी मुख्याध्यापकांनी नि वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या ठोकल्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कठोर ताशेरे ओढले, ते माझ्या मते सर्वथैव योग्य होते. लस निर्दोष होती म्हणून ती सही निर्दोष ठरत नाही.

त्या स्थगितीची एक शाखा मात्र आपल्या बार्शीपर्यंत पोहोचली होती, हे मला डॉक्टरीणबाईंकडून प्रथमच कळले. दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहण्यासाठी बार्शी, पुणे आणि देशातील इतर काही केंद्रांवर एक अभ्यास चालू होता. खम्ममच्या प्रकरणाशी त्याचा संबंध नव्हता, पण सरसकट हुकूम निघाला आणि लसीकरण जागच्या जागी थांबले. हजारो मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी हात न झटकता या मुलींची पुढे वर्षानुवर्षे तपासणी चालू ठेवली, आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की १६ आणि १८ प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात एका मात्रेची परिणामकारकता ९५ टक्क्यांच्या घरात, म्हणजे दोन वा तीन मात्रांच्या तोडीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्याच्या आधारांत या मुलींचाही वाटा होता. परळच्या ज्या हाफकिन संस्थेवरून माझी बस वर्षानुवर्षे गेली, तिच्या संस्थापकाने १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. बार्शीच्या मुलींना असे काही निवडण्याची संधीच मिळाली नव्हती, आणि तरी जगभरच्या गरीब देशांचा लशीवरचा बराच खर्च त्यांच्यामुळेही वाचणार आहे. त्यांचे आभार कोणी कसे मानले, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या नुसत्या हसल्या.

सूनबाईने सही केली, ती नातीला सगळे समजावून सांगितल्यावर. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस त्याच वर्षी बाजारात आली होती. मात्रेची छापील किंमत तेव्हा दोन हजार रुपये होती, आणि आमच्या डॉक्टरीणबाईंनी परवान्यातील शिरस्त्याप्रमाणे सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा दिल्या. कामगाराच्या घरी ही रक्कम महिन्याच्या वाणसामानाइतकी होते, याची टोचणी मला त्या खोलीत बसल्या-बसल्या होत होती. सुईनंतर पंधरा मिनिटे बसविण्याचा नियम आहे, तो भोवळ येऊन कोणी पडू नये म्हणून. नातीने तो वेळ तक्रारी करण्यात घालविला, आणि दंड दोन दिवस दुखला.

निघताना डॉक्टरीणबाई सूनबाईला म्हणाल्या, “मुलीचं झालं, आता तुमचं.” लस सर्व प्रकारांना आवरीत नाही, आणि जिचे वय उलटले तिला तपासणीवाचून दुसरा मार्ग नाही. त्यांनी टाटा रुग्णालयाचाच दाखला दिला: मुंबईच्या वस्त्यांमधून दीड लाख स्त्रियांचा अभ्यास, ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावून प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेली साधी तपासणी, आणि त्यामुळे या रोगाने होणाऱ्या मृत्यूंत ३१ टक्क्यांची घट. सूनबाईने पुढच्या आठवड्यातली वेळ ठरविली. जिन्यात भेटलेल्या वहिनींनी ते ऐकले आणि विचारले, “बाई, साठीनंतरही करतात का हो ती तपासणी?” मी त्यांना डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहून दिला.