चूप बसवलेली चूक

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. बी.एड.ला असताना संगणकाची जी थोडीफार ओळख झाली, तेवढ्या भांडवलावर शाळेत आम्ही 'कॉम्प्युटरवाले सर' ठरलो. साहजिकच निकालाचे काम आमच्या गळ्यात पडले. एक्सेलमध्ये आम्ही एक मॅक्रो लिहिला. बटण दाबले की नववीच्या सगळ्या मुलींची प्रगतिपत्रके तयार!

पहिल्याच दिवशी तो अडला. 'रनटाइम एरर १३, टाइप मिसमॅच.' एका गैरहजर मुलीच्या रकान्यात 'एबी' लिहिले होते आणि मॅक्रोला तेथे आकडा हवा होता. तिचे पत्रक आम्ही हाताने लिहिले आणि घाईघाईत मॅक्रोच्या सुरुवातीला एक ओळ टाकली : 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. म्हणजे चूक आली तरी थांबू नकोस, पुढची ओळ घे. मॅक्रो सुरळीत धावला. आम्ही खूश.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. गणितात १९ गुण. "सर, मेरा पेपर एक बार देख लो ना. घर में बोल रहे, अब स्कूल बस हुआ."

उत्तरपत्रिका काढली. ८० गुण!

त्या रात्री तिच्या क्रमांकापाशी मॅक्रो थांबवला आणि एफ-८ दाबत एकेक ओळ चालवली. पिवळी पट्टी खाली सरकत होती. तिचे गुण वाचणारी ओळ झाली, तरी आत आकडा १९च. तो तिच्या आधीच्या मुलीचा होता. रकाना नीट पाहिला. ८०मधले शून्य हे शून्य नव्हतेच, इंग्रजी 'ओ' होता. तो मॅक्रोला वाचता आला नाही, म्हणून जुना आकडा तसाच राहिला. मॅक्रोने हे सांगितलेही असते. त्याचे तोंड आम्हीच बंद केले होते.

आता ती ओळ काढली आहे. रकान्यात आकडा आहे का, हे 'इझ न्यूमेरिक'ने आधी तपासतो. रिकामा रकानाही त्याला आकडाच वाटतो, म्हणून तो वेगळा तपासतो. गडबड असली की मुलीचा क्रमांक दाखवून मॅक्रो थांबतो. वेळ जातो, जाऊ दे.

दुरुस्त पत्रक घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. चूक आमची, असे तिच्या अब्बांना सांगितले. ती दहावीत बसली.

वर्गात कोणी मध्येच "सर, समझा नहीं" म्हटले की "आगे चलो" म्हणायची आम्हांला सवय होती. तीही ओळ काढायचा प्रयत्न चालू आहे.